बस्त्याबरोबर मार्कशीटही

परदेशातला जावई ठरला की आपल्या घरांत काय काय सुरू होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. याद्या होतात, बस्ता होतो, पासपोर्टासाठी फेऱ्या होतात. भाजणी आणि मेतकूट बॅगेत चालतं का, लोणच्याची बरणी विमानात फुटली तर काय, यावर दोन दोन तास चर्चा रंगतात. मुलगी अजून कॉलेजात असेल तर एक वाक्य हमखास कानावर येतं, ''राहिलेलं शिक्षण ती तिकडे पूर्ण करेल.'' मुलाकडचेही मोठ्या मनाने म्हणतात, ''आमची काहीच हरकत नाही.'' झालं! विषय तिथेच संपतो.

पण पूर्ण करेल म्हणजे नेमकं काय करेल? इथे झालेली दोन वर्षं तिकडचे लोक धरणार का? धरली तर किती? आणि हे विचारायचं कुणाला? याद्यांच्या कागदावर हे प्रश्न कुठेच नसतात. मुलगी तिकडे पोचते, थंडी, स्वयंपाक, भाषा यात सहा महिने जातात आणि मग कधीतरी एखाद्या कॉलेजच्या खिडकीपाशी तिला कळतं, की आपल्याला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार आहे. पुष्कळ जणी मग सुरुवातच करत नाहीत.

इगतपुरीत मी बचत गटांचं आणि मुलींच्या शिक्षणाचं थोडंफार काम करते. मी स्वतः साधी बी.ए. आहे, परदेशी शिक्षणातली तज्ज्ञ वगैरे मुळीच नाही. पण आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचं लग्न २०२२ च्या दिवाळीनंतर अमेरिकेतल्या मुलाशी ठरलं, आणि तिच्या कागदांमागे पळता पळता मी जे शिकले, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. मुलगी हुशार. रोज सकाळच्या गाडीने नाशिकला कॉलेजला जायची. बी.कॉम.ची दोन वर्षं झालेली, तिसरं चालू. मुलाची सुट्टी तेव्हाच, म्हणून लग्न डिसेंबरात. ''परीक्षा होईपर्यंत थांबूया'' असं मी एकदा सुचवून पाहिलं. मुहूर्तापुढे परीक्षा कोण विचारतं!

आता आधी हा 'क्रेडिट' काय प्रकार आहे तो समजून घेऊ. आपल्या वेळी मार्क होते, क्लास होता आणि एटीकेटी होती. आता मार्कशीटवर प्रत्येक विषयासमोर क्रेडिटचा आकडा छापलेला असतो. हे क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप आहे. आपल्याकडे साधारण पंधरा तास वर्गात शिकवलं की एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. मार्क सांगतात तुम्ही किती चांगलं केलं, क्रेडिट सांगतं तुम्ही किती केलं. पदवी म्हणजे असे ठरावीक क्रेडिट साठवून भरलेलं पासबुक. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. स्वायत्त कॉलेजांमध्ये हे २०२३ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांमध्ये २०२४ पासून लागू झालं. मध्येच शिक्षण थांबलं तरी एका वर्षाला सर्टिफिकेट आणि दोन वर्षांना डिप्लोमा मिळण्याची सोयही त्यात आहे.

हे साठवलेले तास दुसऱ्या विद्यापीठाने आपल्या खात्यात धरणं, याला म्हणतात क्रेडिट ट्रान्सफर. आमच्या इगतपुरीकरांना हे समजवायला मी रेल्वेचंच उदाहरण देते. पूर्वी मुंबईकडची वीज वेगळी आणि घाटाच्या वरची वेगळी, म्हणून आमच्या स्टेशनात गाडीचं इंजिन बदलायचं. गाडी थांबायची, लोक वडा खायचे, नवं इंजिन लागायचं आणि गाडी पुढे निघायची. 'इंजिन बदललं, आता परत मुंबईला जा आणि नव्याने तिकीट काढा' असं कुणी कुणाला म्हटलं नाही. कापलेलं अंतर कापलेलंच राहायचं. विद्यापीठ बदलताना मात्र हे असं आपोआप होत नाही, तिथे प्रत्येक डबा उघडून तपासला जातो.

आणि मापंही सगळीकडे सारखी नाहीत. अमेरिकेत चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे वर्षाला तीस. युरोपात वर्षाला साठ. इंग्लंडमध्ये वर्षाला एकशे वीस! तेव्हा आपल्या मुलीचे ८८ क्रेडिट आहेत म्हणून तिकडे ८८ जमा होतील असं समजू नका. रुपये देऊन तितकेच डॉलर मिळत नाहीत, तसंच हे. ढोबळ हिशोब वर्षाला वर्ष असा धरतात. आमच्या मुलीची दोन वर्षं पूर्ण झालेली होती, म्हणजे अमेरिकेच्या मापात जास्तीत जास्त साठ. अर्धवट राहिलेल्या तिसऱ्या वर्षाचं काहीच नाही.

लग्नाला पाच आठवडे असताना आम्ही कागद गोळा करायला बसलो. तिकडच्या विद्यापीठांची माहिती तिच्या होणाऱ्या नवऱ्याने काढून पाठवली, हे त्याचं कौतुकच म्हणायला हवं. पहिली मागणी होती ट्रान्स्क्रिप्टची. हे मार्कशीट नव्हे. सगळ्या सेमिस्टरचे विषय, क्रेडिट, श्रेणी एकत्र दाखवणारा, विद्यापीठाने स्वतः दिलेला उतारा म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट. घरातल्या मार्कशीटची झेरॉक्स, मग ती कितीही अटेस्टेड असो, पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कागद विद्यापीठाकडून थेट गेला पाहिजे, नाहीतर सीलबंद लिफाफ्यात. लिफाफा हातात आला की आपल्याकडे सवयीने लगेच उघडून बघतात. तो उघडायचा नाही. आम्ही तो देवघरात ठेवला होता, म्हणजे कुणी हात लावणार नाही.

दुसरी मागणी ऐकून आम्ही चक्रावलोच. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम हवा. नुसतं विषयाचं नाव नाही, तर कोणतं प्रकरण, किती तास, कोणती पुस्तकं, सगळं. कारण साधं आहे. आपल्या मार्कशीटवर 'बिझनेस इकॉनॉमिक्स' लिहिलंय, पण त्यात नेमकं काय शिकवलं हे तिथल्या प्राध्यापकाला कसं कळणार? तो आपल्या विषयाशी ताडून बघतो, जुळलं तर धरतो. तेव्हा ज्या वर्षी मुलगी शिकली त्याच वर्षीचा अभ्यासक्रम लागतो. आपल्याकडे दर चार-पाच वर्षांनी पॅटर्न बदलतो आणि जुना अभ्यासक्रम शोधणं म्हणजे माळ्यावरची भांडी काढण्यासारखं. आम्हाला तो मिळाला, पण त्यावर कॉलेजचा सही-शिक्का घ्यायला तीन खेपा झाल्या. ''असं कधी कुणी मागितलं नाही,'' हे उत्तर दोन वेळा ऐकलं. तिसऱ्या खेपेला वाणिज्य शाखेच्या एका बाई भेटल्या. त्यांनी शांतपणे पानन् पान बघून सह्या दिल्या आणि वर म्हणाल्या, ''मराठीचा पेपरही द्या हं, तो का काढून ठेवलात?'' आम्ही खरंच तो बाजूला काढून ठेवला होता. अमेरिकेत मराठी काय कामाचं, असं तिच्या काकांचं मत!

त्या मराठीचं पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी सगळ्यात मोठा घोळ सांगते, कारण तो फक्त मुलींच्याच वाट्याला येतो. नावाचा.

दहावीपासून तिच्या प्रत्येक कागदावर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर सासरच्यांनी हौसेने पासपोर्टावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायचं ठरवलं. शिवाय तांदळात लिहून मुलीचं पहिलं नावही बदललं होतं, तेही लावूया अशी एक सूचना आली. म्हणजे पासपोर्टावरची बाई आणि मार्कशीटवरची मुलगी यांच्यात एक अक्षरही सारखं उरलं नसतं! परदेशात शिक्षणाचे कागद तपासणाऱ्या संस्था असतात. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही १९७४ पासूनची त्यातली एक मोठी. त्यांच्याकडे विषयवार तपासणी करून घ्या असं अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सांगतात. तिथे नाव जुळलं नाही की फाईल थांबते. मग पुरावे, शपथपत्रं, पुन्हा कुरियर.

लग्नानंतर पासपोर्टावर नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे नियम नाही, हे पुष्कळ सुशिक्षित घरांतही माहीत नसतं. मी त्या मुलीच्या सासूबाईंशी बोलायला गेले तेव्हा मनातून जरा धास्तावलेच होते. परक्या घरच्या भानगडीत पडणारी कोण ही, असं म्हणाल्या असत्या तरी चुकलं नसतं. मी एवढंच म्हटलं, ''ताई, तांदळातलं नाव घरात हौसेने घ्या. कागदावरचं तिची पदवी होईपर्यंत तसंच राहू द्या.'' त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, ''माझीही एस.वाय.ची मार्कशीट माहेरच्या नावाची आहे, पेटीत तशीच पडलीये.'' त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. ज्यांना नाव बदलायचंच आहे त्यांनी खुशाल बदलावं, पण विवाह नोंदणीचं इंग्रजी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र हे दोन कागद मार्कशीटच्याच फाईलमध्ये लावून ठेवावेत. लग्नपत्रिका पुरावा म्हणून चालत नाही, हेही सांगून ठेवते. विचारणाऱ्या भेटल्या आहेत म्हणून सांगते!

मुलगी गेली. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या बायकोला जो एच-४ व्हिसा मिळतो, त्यावर नोकरीला बहुतेक वेळा बंदी असते पण शिकायला नसते. ही गोष्ट तिकडच्या एकटेपणात किती आधाराची आहे, हे तिथे राहिलेल्या बायकांनाच विचारा. तिने तिथल्या एका विद्यापीठात अकाउंटिंगला अर्ज केला. पहिल्या तपासणीत साठपैकी ३६ क्रेडिट धरले गेले. फोनवर रडली पोर. पण तिच्याकडे सही-शिक्क्याचे अभ्यासक्रम होते. ज्या विषयांना नाही म्हटलं होतं, त्यांचे अभ्यासक्रम जोडून तिने फेरतपासणी मागितली आणि आणखी नऊ मिळाले. एकूण ४५. अकाउंटिंग, अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र, इंग्रजी हे धरलं गेलं. आपल्याकडच्या कायद्याच्या आणि कराच्या विषयांना तिथल्या पदवीत जागा नव्हती, ते गेले. आणि मराठी? त्या विद्यापीठात इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा शिकल्याचं दाखवावं लागतं. ती अट आपल्या मराठीच्या पेपराने पूर्ण झाली! काकांना मी मुद्दाम फोन करून सांगितलं.

पंधरा क्रेडिट बुडाले म्हणजे एक सेमिस्टर बुडालं. तिथे फी क्रेडिटवर मोजतात, म्हणून बुडालेलं प्रत्येक क्रेडिट म्हणजे पुन्हा भरलेले पैसे. पण वाचली ती तीन सेमिस्टर. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिला पदवी मिळाली. एक बारीक गोष्ट तिने कळवली होती, तीही सांगते. इथले क्रेडिट धरले तरी इथले मार्क बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, सरासरी नव्याने सुरू होते. इथे जेमतेम पास असलेल्या विषयांचे क्रेडिट मिळणंही कठीण असतं. आणि सगळेच क्रेडिट बाहेरचे आणून पदवी तिथली, असंही चालत नाही. शेवटचं वर्ष-दीड वर्ष तरी त्याच विद्यापीठात शिकावं लागतं. म्हणून लग्न तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर असेल आणि चार-सहा महिने थांबणं शक्य असेल, तर पदवी इथेच हातात घेऊन जाणं कधीही चांगलं, या माझ्या मतावर मी ठाम आहे.

एका ठिकाणचं शिक्षण दुसऱ्या ठिकाणी मानायचं की नाही, हे भांडण जुनंच आहे. बाबासाहेबांचंच बघा ना. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पण येण्याआधी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती परवानगी मला फार महत्त्वाची वाटते. निघताना दार उघडं ठेवून निघणं म्हणजे काय, ते त्यात आहे. त्या प्रवासात त्यांच्या सामानाचं आणि पुस्तकांचं जहाज युद्धात बुडवलं गेलं, हेही आपण वाचलेलं असतं. कागदांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा असं मी मुलींना सांगते, तेव्हा मला ते जहाज आठवतं.

आणि आपल्या आज्या-पणज्यांचं काय? महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढे ते एसएनडीटी झालं. तिथून शिकून 'गृहीतागमा' झालेल्या बायकांच्या पदवीला कायद्याची मान्यता नव्हती. ती मिळाली १९५१ मध्ये. पस्तीस वर्षं! शिकवलेलं तेच, अभ्यास तोच, पण दुसऱ्या दारात गेलं की तो मोजायचा की नाही हे दाराआतला ठरवणार.

इटलीतल्या सोफिया कोराडी यांची हकीकत याच जातीची आहे. रोममध्ये कायदा शिकणारी ही मुलगी १९५७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कोलंबियात गेली, बाबासाहेब शिकले त्याच विद्यापीठात. तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन आनंदाने घरी आली, तर तिच्या स्वतःच्या विद्यापीठाने ती मानायला साफ नकार दिला. राहिलेल्या परीक्षा द्या म्हणाले. तिने दिल्या. पण तो अपमान ती विसरली नाही. विद्यार्थ्याने परदेशात केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठाने धरलाच पाहिजे, यासाठी ती वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांच्या, कुलगुरूंच्या, मंत्र्यांच्या मागे लागली. १९८७ मध्ये युरोपात 'इरॅस्मस' नावाची योजना सुरू झाली, तिच्यामागे या बाईंची ही चिकाटी होती. आजवर दीड कोटीहून अधिक लोक त्या योजनेतून दुसऱ्या देशात शिकून आले. सगळे त्यांना 'मम्मा इरॅस्मस' म्हणायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

इरॅस्मसमधली एक पद्धत आपणही उचलावी अशी आहे. मुलगा किंवा मुलगी एक-दोन सेमिस्टरसाठी परदेशी जाणार असेल, तर निघण्यापूर्वीच एक करार होतो. तिथे कोणते विषय घेणार, त्यांचे किती क्रेडिट, आणि परत आल्यावर इथे ते कशाच्या बदल्यात धरणार. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं, तिघांच्याही सह्या. युरोपातली काही विद्यापीठं आपल्याकडच्या विद्यापीठांशीही अशी देवाणघेवाण करतात. पुण्या-मुंबईतल्या कॉलेजांतून असं सेमिस्टर करायची संधी तुमच्या मुलांना आली तर 'सर म्हणाले होईल' यावर विसंबू नका. सह्यांचा कागद आधी मागा.

आता डॉक्टरकीबद्दल वेगळं सांगायला हवं. क्रेडिट, देवाणघेवाण, हे सगळं तिथे जवळजवळ बंद आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि तिथे एमबीबीएस शिकणारी आपली हजारो मुलं जीव मुठीत धरून परत आली. महाराष्ट्रातलीही होती. कुणी दुसऱ्या वर्षाला, कुणी चौथ्या. आईबापांची साधी अपेक्षा होती, की झालेली वर्षं धरून इथल्या कॉलेजात घ्यावं. ते झालं नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातलं वैद्यकीय शिक्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच परदेशी संस्थेत व्हावं लागतं, त्याचा कोणताही भाग भारतात करता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एवढी सूट दिली की मुलांनी तात्पुरतं तिसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकावं, पदवी मात्र युक्रेनच्या मूळ विद्यापीठाचीच घ्यावी. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकदाच म्हणून इथे परीक्षेची संधी मिळाली, तीही २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर. तेव्हा 'दोन वर्षं तिकडे करू, मग इकडच्या कॉलेजात बदली करून घेऊ' असं कुणी एजंट सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर यांचेही आपापल्या कौन्सिलचे नियम असतात. आधी ते वाचायचे, मग पैसे.

हल्ली मोठ्या शहरांत 'अर्धं शिक्षण इथे, अर्धं फॉरेनला' अशा जाहिराती लागलेल्या दिसतात. सगळ्या खोट्या नसतात. यूजीसीने २०२२ मध्ये यासाठी नियमच केले आहेत. ट्विनिंग नावाच्या प्रकारात पदवी भारतीय विद्यापीठाची आणि परदेशात केलेले क्रेडिट फार तर तीस टक्के. जॉइंट डिग्रीत दोन्हीकडे किमान तीस-तीस टक्के. जाहिरातवाल्याला एवढंच विचारा, ''यातलं तुमचं कोणतं? आणि यूजीसीच्या नियमात बसतं याचा कागद दाखवा.'' बोलती बंद झाली की समजायचं. परदेशातून पदवी घेऊन परत येणाऱ्यांना इथे समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने त्याचे नवे नियम आणले आहेत, नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला अर्ज करण्याआधी ते बघून घ्यावेत.

हे सगळं ऐकून आमच्या गटातल्या एक जणी मला म्हणाल्या, ''ताई, अमेरिका राहू द्या. माझी एस.वाय. बी.ए. लग्नात सुटली. दहा वर्षांनी सासरच्या जिल्ह्यात चौकशीला गेले तर म्हणाले, दुसऱ्या विद्यापीठाची जुनी वर्षं आम्ही धरत नाही. पुन्हा पहिल्यापासून करा.'' पदरात दोन मुलं, शेतीचं काम. त्या परत गेल्या नाहीत. विद्यापीठाचं नाव कशाला घ्यायचं, तेव्हा सगळीकडे हेच होतं. मुलगी नाशिकची विदर्भात गेली काय आणि शिकागोला गेली काय, तिची दोन वर्षं वाऱ्यावरच.

देशातल्या देशात तरी हे बदलायची सोय आता झाली आहे. जुलै २०२१ मध्ये 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. विद्यार्थ्याचं क्रेडिटचं खातं, बारा आकडी नंबर, डिजिलॉकरमधून उघडता येतं. कॉलेजने क्रेडिट भरायचे, आणि मुलगी दुसऱ्या विद्यापीठात गेली तर ते तिकडे नेता येतात. जमा क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतात, आणि पदवी ज्या विद्यापीठाची हवी तिथे निदान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे बाळंतपण, आजारपण, बदली यांत दोन-तीन वर्षं गेली तरी खातं बुडत नाही. परदेशी विद्यापीठं मात्र हे खातं आपोआप वाचत नाहीत. तिकडे जायचं तर ट्रान्स्क्रिप्ट आणि अभ्यासक्रमाची फाईल लागणारच.

गेल्या महिन्यात आम्ही गटातल्या मुलींची ही खाती मोबाइलवर उघडून बघितली. अकरा मुली होत्या. सात जणींची खाती होती, पण तिघींच्या खात्यात क्रेडिट शून्य. दोन सेमिस्टर पास झालेल्या मुली! कॉलेजकडून भरायचे राहिले होते. एकीच्या आधारवरच्या नावात आणि मार्कशीटवरच्या नावात एका अक्षराचा फरक, म्हणून जुळत नव्हतं. तिघींनी कॉलेजात लेखी अर्ज दिले आहेत आणि पोच घेतली आहे. ज्या चौघींची खातीच नव्हती त्यांची या शनिवारी दुपारी उघडणार आहोत. येताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि दहावीची मार्कशीट आणायला सांगितली आहे. मोबाइल बहुतेकींच्या वडिलांचा किंवा भावाचा असतो, म्हणून त्या दिवशी तो घरातून मागून आणायचं काम आयांवर सोपवलं आहे.